गुणाऊसाहेबांची चिंचपेटी

राणीचा खालचा ओठ फुटला होता.

वरून पाहणाऱ्याला हे दिसायचं नाही. वरून दिसायच्या त्या सावरगडच्या राणी गुणाऊसाहेब, सतराव्या शतकापासून एकाच लोडाला टेकून ताठ बसलेल्या. अंगावर जरीचा शालू, मनगटापर्यंत तंग बाह्यांची चोळी, हातात कमळाची कळी आणि गळ्यात थेट हनुवटीला भिडणारी रुंद मोत्यांची चिंचपेटी. चेहऱ्यावर मंद हसू. त्या हसण्यावर आजवर इतके पोवाडे आणि इतकी भाषणं झाली होती की खुद्द गुणाऊसाहेब ऐकायला असत्या तर उठून गेल्या असत्या. पण केतकी मानेच्या संगणकाच्या पडद्यावर आत्ता ते हसू नव्हतं. तिने रंगाचे वरचे थर एकेक करून दूर केले होते आणि खाली चिताऱ्याने आधी काढलेला ओठ उघडा पडला होता. सुजलेला, मधोमध चिरलेला, आणि चिरेत लाखेचा गडद तांबडा रंग.

केतकी पुण्याच्या एका चित्रसंवर्धन संस्थेत संशोधक होती. गुणाऊसाहेबांचं चित्र राजवाड्याबाहेर न्यायची सोय नव्हती, म्हणून यंत्रच टेम्पोत घालून सावरगडला आणलं होतं. संस्थानं विलीन होऊन शंभरी भरत आली होती, पण सावरगडचे राजे काही विलीन झाले नव्हते. गावची बँक, कॉलेज, साखर कारखाना, सगळीकडे तेच. चित्र तपासायची परवानगी मिळाली तीही नात्यामुळे. केतकीची धाकटी बहीण ईश्वरी या घरची सून होती, धाकटे राजे रणधीर यांची बायको.

केतकीच्या यंत्राचं नाव थरदर्शक. ज्या लहरी डोळ्यांना दिसत नाहीत आणि उष्णतेच्या किरणांपेक्षाही बऱ्याच लांब असतात, अशा टेराहर्ट्झ लहरींची क्षणभराची चपराक ते चित्रावर सोडतं. रंगाचा प्रत्येक थर त्यातला थोडा भाग परत फेकतो. वरच्या थराची हाक आधी परत येते, खालच्याची किंचित नंतर. तो किंचितसा उशीर मोजला की थर किती खोल आहे ते कळतं, आणि परतलेल्या लहरीच्या ठेवणीवरून तो सफेदा आहे, नीळ आहे की हरताळ, तेही कळतं. शिवाय ओल्या रंगावर रंग चढवला तर सीमा पुसट होते, वाळलेल्यावर चढवला तर स्वच्छ राहते आणि मधे धुळीचा बारीक पापुद्रा सापडतो. म्हणजे कुठला फटकारा कुठल्या दिवशी मारला, याचा क्रम लावता येतो. साडेतीनशे-चारशे वर्षांपूर्वी चिताऱ्याचा हात कसा फिरला ते यंत्र उलटं दाखवत जातं.

केतकीने ओठ सोडला आणि गळ्याकडे वळली. मोती उतरवले. मोत्यांखालचा सोन्याचा पत्रा उतरवला. खाली गोरा, नितळ गळा असायला हवा होता. तिथे निळीचे पाच डाग होते. त्याच जागी, धुळीच्या पापुद्र्यावर, जंगालाचा, म्हणजे तांब्याच्या गंजाचा, हिरवा थर. त्याच्यावर हरताळाचा पिवळा. आणि पिवळ्याच्या शेजारी पुन्हा ताजी नीळ.

तिला अर्थ लागायला वेळ लागला नाही. माराचा वण आधी काळानिळा असतो, मग हिरवट होतो, मग पिवळा पडतो. गोवळकोंड्याहून आणलेला तो चितारी दिवसांमागून दिवस राणीसमोर बसत होता आणि रोज जे दिसेल ते काढत होता. कोणीतरी त्याला ते झाकायला लावत होतं. मग तो त्यावर सफेदा चढवायचा. दुसऱ्या बैठकीला पुन्हा काहीतरी नवं दिसायचं. शेवटी कंटाळून कोणीतरी फर्मावलं असणार, की गळा झाकेल असा दागिनाच काढ, एवढी रुंद चिंचपेटी काढ की प्रश्नच नको.

"ताई, चहा."

ईश्वरी कप घेऊन आली होती. भर एप्रिलात तिने गळाबंद ब्लाउज घातला होता, पण त्या घरातल्या सगळ्याच बायका तसा घालत. गुणाऊसाहेबांची रीत म्हणायचे तिला.

"इकडे ये, इकडे ये!" केतकीने तिचा हात धरून ओढलं. "सावरगडचा आख्खा इतिहास उलटा होणार आहे. वेढ्यात लढता लढता पडली म्हणतात ना राणी? हे बघ. हे लढाईतलं वाटतं तुला?"

ईश्वरी पडद्यावर वाकली. तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. दुकानात ओळखीचं कापड दिसावं तसं तिने ते पाहिलं.

"एकाच हाताने धरलंय," ती म्हणाली. "ही चार बोटं आणि हा अंगठा. दुसरा हात मोकळा ठेवलाय. तोंड दाबायला लागतो तो."

"तुला गं काय माहीत?" केतकी हसत म्हणाली, आणि मग तिचं हसू जागच्या जागी वाळलं.

ईश्वरीने ब्लाउजची वरची बटणं काढली. गळा स्वच्छ होता. डाग नाही, ओरखडा नाही.

"काही दिसतंय? नाही ना? आधी ओला टॉवेल गुंडाळतात. मग वण उठत नाही. बाकीचं तळपायांवर. परवा अर्धा दिवस मला उभं राहता आलं नाही, तर आबाराजांनी पाहुण्यांना सांगितलं की सूनबाईंचा उपवास आहे."

"ईशू, चौकीत..."

"गेले होते की. गेल्या वर्षी."

केतकीला पुढचं ऐकायचं नव्हतं, कारण तिला ते माहीत असल्यासारखंच होतं. थरदर्शकाचाच एक लहान भाऊ आता प्रत्येक पोलीस चौकीत होता. त्याला अंगवाचक म्हणत. मार बसला की कातडीखाली रक्त आणि पाणी जमतं, बरं होताना कातडीचे तंतू नव्याने विणले जातात आणि ती वीण महिनाभर तरी वेगळी ओळखू येते. बाई बोलो न बोलो, नवरा शपथा घेवो, अंगवाचक फिरवला की खरं बाहेर. पाच वर्षांपूर्वी कायदा झाला तेव्हा केतकीच्या गटाचा दिल्लीत सत्कार झाला होता. पण या लहरींना पाणी सोसत नाही, आणि माणसाचं अंग म्हणजे बरंचसं पाणी. पहिल्या मिलिमीटरपलीकडे यंत्र आंधळं होतं, आणि तळपायाची कातडीच त्याहून जाड. ही गोष्ट गटात सगळ्यांना ठाऊक होती. अहवालात ती शेवटच्या पानावर बारीक अक्षरात होती. गुन्हेगार बारीक अक्षर वाचत नाहीत, असं त्यांना का वाटलं होतं कोण जाणे.

"निरंक आलं," ईश्वरी म्हणाली. "सरकारी शिक्क्याचं प्रमाणपत्र. यांनी फ्रेम करून दिवाणखान्यात लावलंय. आता मी काही बोलले तर लोक त्या फ्रेमकडे बोट दाखवतात. आधी निदान कोणीतरी विश्वास ठेवला असता, ताई."

"मग आईकडे जायचं!"

"तिथेही गेले होते. आई म्हणाली, राजघराणं आहे, थोडं डावंउजवं व्हायचंच. दुसऱ्या दिवशी स्वतः गाडीत बसवून दिलं तिने मला. परत आल्यावर दोन बरगड्या गेल्या. जिन्यावरून पडले." ईश्वरीने बटणं लावली. "पुढच्या खेपेला मान मोडीन म्हणालेत. ते बोलतात ते करतात."

"आत्ताच्या आत्ता ऊठ. टेम्पो बाहेर उभा आहे."

"आणि फाटकावरची माणसं? ती तुला सलाम करतील, मला नाही सोडणार." तिने गार झालेला कप उचलला. "चित्र छान काढलंय गं त्या माणसाने. खरं तेच काढत होता बिचारा."

ती गेल्यावर केतकीने हातातली वही टेबलावर आपटली. राग तिला नेहमी आधी हातात यायचा. त्या रागात तिने जे केलं ते तिच्यासारख्या घरात वाढलेली कुठलीही मुलगी करेल. लहानपणापासून ऐकत आलेली की भांडण चव्हाट्यावर न्यायचं नाही, आधी घरातल्या मोठ्या माणसाच्या कानावर घालायचं. मुलगा बेताल असेल, पण बाप जुन्या वळणाचा आहे, शब्दाला मान देणारा आहे. त्याला ठाऊकच नसेल. ती पदर सावरून ईश्वरीच्या सासऱ्यांकडे, आबाराजांकडे गेली आणि व्याह्यांना करतात तसा वाकून नमस्कार केला.

आबाराजे सुपारी कातरत बसले होते. त्यांनी केतकीला समोर बसवलं, पन्हं मागवलं, सगळं ऐकून घेतलं. अडकित्ता मात्र चालू होता, आणि सुपारीचे तुकडे सगळे एकसारखे पडत होते.

"चित्रातलं आणखी कोणाला दाखवलंत?"

"अजून नाही. म्हटलं आधी तुमच्या..."

"उत्तम केलंत. आणि सूनबाईंचंही आमच्या कानावर घातलंत, फार बरं झालं. आपण जेवून घ्या. आम्ही बघतो."

केतकीला इतकं हलकं वाटलं की तिने पोटभर जेवण केलं. याची तिला पुढे जन्मभर किळस वाटत राहिली.

जेवण उरकून ती यंत्राकडे निघाली तेव्हा वरच्या मजल्यावरून आवाज आला. ओरडण्याचा नव्हे. धोबी कपडा आपटतो तसा, एका लयीत. तिने जिना कसा चढला ते तिला आठवलं नाही. खोलीचं दार उघडंच होतं. ईश्वरी पालथी पडली होती, तोंडात पदराचा बोळा होता, आणि रणधीर तिच्या पोटऱ्यांवर गुडघा रोवून वेताच्या छडीने तिचे तळपाय झोडपत होता. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. शेतावर काम करणारा माणूस जसा घामेजतो तसा तो घामेजला होता.

"या ना ताई," तो म्हणाला. "यांना चुगल्या करायची सवय लागलीये. तुमच्याच घरची सवय म्हणायची का?"

केतकी त्याच्या अंगावर धावून गेली. त्याने छडी टाकलीसुद्धा नाही, डाव्या हाताने तिला ढकललं. तिचं डोकं पलंगाच्या खांबावर आपटलं आणि डोळ्यांसमोर पिवळं पिवळं झालं. गालावरून काहीतरी गरम ओघळलं. ती उठली, पुन्हा धावली, त्याच्या मनगटाला कडकडून चावली. या वेळी त्याने छडीची मूठ तिच्या कानशिलावर मारली. खाली पडताना तिला ईश्वरीचे डोळे दिसले. ते रडत नव्हते. केतकीला ते नको नको म्हणत होते.

"पुरे," दारातून आबाराजे म्हणाले.

रणधीर लगेच थांबला. सांगितलं की थांबणारा माणूस होता तो, आणि सांगितलं की सुरू होणारा. केतकीला हे तेव्हा कळलं, आणि आपण दुपारी कोणाला नमस्कार केला तेही.

आबाराजांनी तिला स्वतःचा रुमाल दिला. "कपाळाला लागलंय. दाबून धरा." मग खुर्ची ओढून बसले. "उद्या गुणाऊसाहेबांची बैठक आहे. पंचक्रोशी लोटेल. आपण आम्हाला सांगितलंत तेव्हापासून आम्ही विचार करतोय. त्या जखमा लपवायच्या कशाला? पडद्यावर दाखवू. एवढ्या मोठ्या करून दाखवू. दिवसा तटावर लढत होत्या आणि संध्याकाळी चित्राला बसत होत्या! अंगावर रोज नवी जखम, आणि तोंडावर हसू! अहो, लोक रडतील."

"गळ्यावर बोटं आहेत."

"शत्रूशी झटापट झाली. हातघाईची लढाई होती." त्यांनी नातवाची समजूत घालावी तसा सूर लावला. "हे आपण सांगायचं. शास्त्रज्ञाच्या तोंडून आलं की खरं ठरतं. सांगितलंत तर बैठक उठल्यावर सूनबाईंना आपल्याबरोबर माहेरी महिनाभर पाठवू. नाही सांगितलंत तर जिना आहेच."

संध्याकाळी केतकीने ईश्वरीला गाठून हे सांगितलं. ईश्वरीचे पाय मिठाच्या पाण्यात होते.

"महिनाभर," ईश्वरी म्हणाली. "आणि मग?"

"एकदा बाहेर पडलीस की मी परत पाठवणार नाही तुला. मरेन, पण पाठवणार नाही."

"मग बोल तू उद्या," ईश्वरी म्हणाली आणि पाण्यातली बोटं हलवत राहिली.

सावरगडची बैठक म्हणजे जत्राच. चित्राला हार चढतो, आणि घरच्या सुनेला हुबेहूब चित्रासारखी नटवून चित्राशेजारी लोडाला टेकवून बसवतात. तसाच शालू, तशीच चोळी, तशीच चिंचपेटी. गावच्या बायका येऊन तिची ओटी भरतात. चिंचपेटी सुनेच्या आईने बांधायची आणि सूर्यास्ताला आईनेच सोडायची. ती गळ्यात असेपर्यंत सुनेने तोंडातून अक्षर काढायचं नाही. गुणाऊसाहेब चित्रातून बोलतात का? मग सुनेनेही बोलायचं नाही.

केतकी-ईश्वरीच्या आई, माई माने, सकाळीच गावच्या पाहुण्यांना घेऊन आल्या होत्या. केतकीच्या कपाळावरची पट्टी पाहून त्यांनी विचारलं, केतकी म्हणाली, यंत्र लागलं. माईंनी पुढे विचारलं नाही. न विचारण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. त्यांनी ईश्वरीच्या मागे उभं राहून चिंचपेटी बांधली, एकदा सैल झाली म्हणून पुन्हा ओढून घट्ट केली, आणि बोटं कानशिलावर मोडून दृष्ट काढली. "राणी दिसतेस अगदी," त्या म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते खरं होतं. हीच तर मेख होती.

सगळ्यांचे फोन फाटकावरच काढून घेतले होते, आणि दरबारात पाय ठेवायला जागा नव्हती. ईश्वरीच्या उजव्या हाताला फेटा बांधून रणधीर बसला होता. मागे उंच पडदा लावला होता. थरदर्शक त्याच्या तीन पायांच्या लोखंडी तिकाटण्यावर चित्रासमोर उभं होतं, आणि बॅटऱ्यांसकट जड असलेलं त्याचं डोकं सावकाश सरकत होतं. पडद्यावर राणीचे मोती विरले. सोनं विरलं. गळ्यावरची बोटं पुरुषभर उंचीची होऊन लोकांसमोर आली, आणि दरबारातून एकच हुंकार निघाला.

"डॉक्टर केतकी माने आपल्याला सांगतील," आबाराजे म्हणाले.

केतकीने माईक घेतला. तिने बहिणीकडे पाहिलं. भरजरी, निश्चल, हातात कमळाची कळी.

"या जखमा," ती म्हणाली, "या जखमा रणातल्या आहेत. राणीसाहेब दिवसा तटावर लढत होत्या आणि..."

पुढचं कोणाला ऐकू आलं नाही. "गुणाऊसाहेबांचा विजय असो!" छत दणाणलं. म्हातारे फेटे काढून डोळे पुसत होते. बायकांनी पडद्याला हात जोडले. आपण काय सोन्यासारखं खोटं बोललो, याची केतकीला शरमही वाटली नाही. तिला फक्त सूर्यास्त हवा होता.

"खोटंय."

आवाज मोठा नव्हता. पण बैठकीतली सून बोलली म्हटल्यावर पुढच्या रांगा एकदम गप्प झाल्या, आणि मग मागच्याही.

"शत्रूने नाही केलेलं हे," ईश्वरी म्हणाली. "घरात केलंय. नवऱ्याने."

केतकीने माईक खाली घेतला. आता काही तासांचाच प्रश्न होता ना? मग तिला उमगलं, की ईश्वरीने तो महिना कधी खरा मानलाच नव्हता. तिने काल पाण्यात पाय बुडवून बसल्या बसल्या वेगळंच काही ठरवलं होतं.

रणधीर हसला आणि त्याने बायकोच्या खांद्यावर हात ठेवला. "उन्हाचा त्रास झालाय यांना. आत न्या."

"सांगा ना यांना," ईश्वरी त्याच्याकडे वळून म्हणाली. ती अगदी घरगुती सुरात बोलत होती, मीठ कमी पडलंय सांगावं तसं. "टॉवेल ओला का करता ते सांगा. छडी कोणी आणून दिली ते सांगा. काल ताई चावली तेव्हा कसे कळवळलात ते पण सांगा."

मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. तेवढंच पुरलं. मारणारा माणूस बाकी सगळं सांभाळतो, हसणं सांभाळू शकत नाही. रणधीरचा हात खांद्यावरून वर गेला, चिंचपेटीच्या आत बोटं घुसली, आणि त्याने ती पिळली. मोती तटातट तुटून फरशीवर उडाले. मग सरळ गळा. आज ओला टॉवेल नव्हता. ईश्वरीचे हात त्याच्या मनगटांवर गेले, पाय लोडावर आपटायला लागले, चेहरा जांभळा पडत गेला. शेकडो माणसं बघत होती. एकही पुढे झालं नाही. राजा होता तो, आणि बायको त्याची होती. आबाराजे ओरडत होते, "रणधीर, पुरे!" पण आज सांगितलं म्हणून तो थांबत नव्हता.

केतकीने तिकाटण्यावरून थरदर्शकाचं डोकं उपसून काढलं. सहा वर्षांचं काम होतं ते, जगात तसली दोनच होती. तिने ते दोन्ही हातांनी डोक्यावर नेलं आणि रणधीरच्या कोपरावर हाणलं. हाड मोडल्याचा आवाज तिला स्वच्छ ऐकू आला. तो गुरासारखा हंबरला, तरी दुसरा हात सुटला नाही. तिने पुन्हा हाणलं, या वेळी जबड्यावर. काच फुटली, दात फुटले, आतल्या तारा बाहेर लोंबल्या. तिसऱ्यांदा हाणलं तेव्हा तो आधीच आडवा झाला होता. तिसऱ्याची गरज नव्हती, पण तिने हाणलं. वरच्या पडद्यावर राणीचा गळा एकदा लकाकला आणि विझला.

ईश्वरी श्वास घेत होती. करवतीने लाकूड कापल्यासारखा आवाज येत होता, पण घेत होती.

बाहेर बंदोबस्तावर असलेले पोलीस आत धावले आणि त्यांनी आधी केतकीला धरलं. ते साहजिक होतं, रक्ताने माखलेली तीच होती. रणधीर शुद्ध हरपून पडला होता, त्याला दोघांनी उचलून गाडीत घातलं. आबाराजांनी तोवर स्वतःला सावरलं होतं. त्यांचा आवाज पुन्हा गोड झाला होता. सूनबाईंना फिट आली, चिरंजीव त्यांना सावरत होते, एवढ्यात या बाईंच्या डोक्यावर परिणाम झाला आणि यांनी खुनी हल्ला केला, हे त्यांनी इन्स्पेक्टरला सांगितलं आणि भोवतालच्या लोकांकडे पाहिलं. बँकेतल्या, कॉलेजातल्या, कारखान्यातल्या लोकांनी नजर खाली घातली.

महिला हवालदाराने पेटीतून अंगवाचक काढला आणि ईश्वरीशेजारी बसली. "मान वर करा मॅडम. जे असेल ते यात येईल."

ईश्वरीने तिचा हात बाजूला सारला. हवालदार बाईंनी पुन्हा पुढे केला. ईश्वरीने यंत्र धरून जोराने ढकललं, ते फरशीवर मोत्यांतून घरंगळत गेलं. तिला काहीतरी म्हणायचं होतं. ओठ हलले, गळ्यातून नुसती घरघर आली. मग तिने हात उचलला आणि दरबाराकडे बोट केलं. पुढच्या रांगेकडे, मागच्या रांगेकडे, ओटीची तबकं घेऊन थिजलेल्या बायकांकडे. यांना विचारा.

हवालदार बाई उभ्या राहिल्या. "कोणी पाहिलं का?"

शेकडो माणसं आणि एक खोकलासुद्धा नाही. केतकीच्या हातांत बेड्या पडत होत्या. एवढं होऊनही बहीण याच घरात राहणार, आणि पुढच्या खेपेला मान मोडणार, हे तिला लख्ख दिसत होतं.

"मी पाहिलं."

माई माने गर्दीतून पुढे आल्या. त्यांचा पदर खांद्यावरून घसरला होता आणि त्यांना त्याचं भान नव्हतं. आबाराजे म्हणाले, "विहीणबाई, आपण बसा, आपल्याला त्रास होईल." माईंनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. त्या हवालदार बाईंसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"त्याने तिचा गळा दाबला. सगळ्यांसमोर दाबला. मी पाहिलं." पुढचं बोलताना त्या लेकीकडे बघू शकल्या नाहीत.

"आधीही पाहिलं होतं. ती माझ्याकडे आली तेव्हा तिला जिना चढता येत नव्हता. मीच परत पाठवली. तेही लिहून घ्या."